बुटकी गाडी, चार कुत्री आणि वर्स्ट केस

ऑफिसच्या चॅटवर महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतं, "दोन मिनिटं आहेत का रे?" हे दोन मिनिटंवाले दोन प्रकारचे असतात. एकाला सेकंडहँड स्पोर्ट्स कार घ्यायची असते, दुसऱ्याला कुत्रं. दोघंही माझ्याकडेच येतात, कारण माझ्याकडे दोन्ही आहे. जमिनीला चिकटून पळणारी एक जुनी जर्मन टू-सीटर आणि चार कुत्री. वर मी राहतो महाड आणि पोलादपूरच्या मध्ये. सावित्री नदी हाकेच्या अंतरावर आणि सगळ्या बाजूंनी घाट. म्हणजे या दोन्ही हौशींना जगात जी काही गैरसोयीची ठिकाणं असतील, त्यातलं हे एक.

प्रश्न वेगवेगळे असतात, पण माझं उत्तर एकच आहे. म्हणून मंडळी, एकदा सविस्तर लिहून टाकतो.

आपण सगळे कोड लिहून पोट भरतो. अल्गोरिदम निवडताना बेस्ट केस कोणी बघत नाही, इंटरव्ह्यूतही विचारत नाहीत. सर्व्हर घेताना रविवारी दुपारचा ट्रॅफिक धरून घेत नाही, दिवाळी सेलच्या रात्रीचा धरतो. हेच लोक गाडी किंवा कुत्रं घ्यायची वेळ आली की डोळ्यासमोर फक्त बेस्ट केस आणतात. ऑक्टोबरातली स्वच्छ सकाळ, छप्पर उघडं, पोलादपूरहून आंबेनळी घाट चढत महाबळेश्वर. किंवा भातकापणी झालेल्या शेतात धावणारं सोनेरी लॅब्रेडॉर आणि मागे धावणारे आपण. दोन्ही चित्रं खरी आहेत, मी दोन्ही जगलोय. पण असे दिवस वर्षातून फार तर पंधरा-वीस. उरलेल्या साडेतीनशे दिवसांचं काय? आणि त्यातल्या सगळ्यात वाईट एका दिवसाचं काय?

आधी गाडीबद्दल बोलू, कारण ते सोपं आहे.

बुटक्या गाडीत मजा का येते याचं उत्तर भौतिकशास्त्रात आहे. वजन जमिनीच्या जितकं जवळ, तितकी वळणावर गाडी कमी कलते आणि चारही टायरांवरचा भार बऱ्यापैकी सारखा राहतो. शिवाय तुम्ही स्वतः जमिनीपासून वीतभर वर बसलेले असता, त्यामुळे ताशी ५० चा वेगसुद्धा ८० सारखा वाटतो. घाटात हे फार कामाचं आहे, कारण कायद्यात राहूनही गुन्हा केल्याचा आनंद मिळतो. आपल्याकडेही ही हौस जुनी आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी सॅन मोटर्सने सॅन स्टॉर्म नावाची फायबरग्लासची टू-सीटर काढली होती. इंजिन रेनॉचं, ११४९ सीसी, ताकद जेमतेम ६० हॉर्सपॉवर. आकड्यांवर हसू येईल, पण मुद्दा वेगाचा नव्हताच, बुटकेपणाचा होता. २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत दिलीप छाब्रियांची डीसी अवंती आली, तेव्हाही लोक रांगा लावून बघत होते.

आता त्याची किंमत. ही रुपयात नाही, सेंटीमीटरमध्ये मोजायची. माझ्या गाडीचं पोट जमिनीपासून साधारण १२ सेंटीमीटर वर आहे. पुढचं आणि मागचं चाक यांत अंतर अडीच मीटर. इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी ९९ नावाचं एक मानक १९८८ साली आलं होतं. ताशी २५ किलोमीटर वेगासाठी त्यात स्पीडब्रेकर दिला होता तो असा: उंची १० सेंटीमीटर, लांबी ३.७ मीटर, आणि त्याचा गोलावा १७ मीटर त्रिज्येचा. पहिल्यांदा वाचल्यावर वाटतं, १२ मधून १० गेले, उरले दोन, आता संपलं. पण शाळेतली भूमिती आठवा. स्पीडब्रेकर ३.७ मीटर लांब असल्यामुळे गाडी मधोमध आली की चारही चाकं त्या उंचवट्यावरच असतात. म्हणजे पोटाखाली येतो तो फक्त अडीच मीटरच्या जीवेवरचा फुगवटा. अडीचचा वर्ग भागिले आठ गुणिले सतरा, उत्तर सुमारे ४.६ सेंटीमीटर. पोटाखाली सात सेंटीमीटर मोकळे राहतात! नियमाप्रमाणे बांधलेल्या स्पीडब्रेकरवरून बुटकी गाडी खुशाल जाते.

पण गावोगावी अपघात झाला की दुसऱ्या दिवशी जो डांबराचा बांध येतो, तो फूटभर रुंद आणि पंधरा सेंटीमीटर उंच. पुढची चाकं उतरली की ते पंधराच्या पंधरा सेंटीमीटर थेट पोटाखाली. मग गाडी तिरकी घालायची, एकेक चाक चढवायचं, आणि मागची एसटी हॉर्न वाजवत असताना चेहरा निर्विकार ठेवायचा. यात मी त्या बांधाला शिव्या देणार नाही. ज्या आईचं पोर तो रस्ता ओलांडून शाळेत जातं, तिला माझ्या जीवा-त्रिज्येशी काय घेणंदेणं? बांध हवाच. माझी गाडी या रस्त्यांवर पाहुणी आहे, आणि पाहुण्याने घराच्या उंबरठ्याची उंची काढू नये.

तर पाहुण्यासारखं राहायचं म्हणजे काय, तर जून ते सप्टेंबर माझी गाडी इथे नसतेच. पुण्यात मित्राच्या दुसऱ्या मजल्यावरच्या पार्किंगमध्ये असते, बॅटरीची केबल काढून आणि टायरांत थोडी जास्त हवा भरून. वर्षाचे चार महिने गाडी नाही, हे गृहीत धरूनच ती घेतली होती. गाडीची वर्स्ट केस म्हणजे पाणी, आणि बुटक्या गाडीसाठी ते लवकर येतं. अमेरिकेच्या हवामान खात्याचा ठोकताळा असा की फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी वाहून नेऊ शकतं आणि दोन फूट पाणी बहुतेक कुठलीही. त्याच्या आधीच इंजिनात हवा घेणाऱ्या नळीतून पाणी आत जातं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो आणि लाखभराचं काम निघतं. म्हणून बुडलेली गाडी कधीही स्टार्ट करून बघू नका. "बघू तरी चालू होते का" या एका वाक्यात इंजिन आणि इन्शुरन्स क्लेम दोन्ही जातात. साध्या पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं असतं, पण ओलं इंजिन फिरवल्यामुळे झालेलं नुकसान सहसा धरलेलं नसतं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं अ‍ॅड-ऑन घ्यावं लागतं.

हे सगळं झालं तरी गाडीच्या बाबतीत एक सुख आहे. ती वाट बघते. चार महिने झाकून ठेवली तर तिला वाईट वाटत नाही. नको झाली तर विकता येते, नवा मालक मिठी मारून घेऊन जातो.

आता कुत्री.

माझ्याकडे चार आहेत. तांबू आणि काळी ही भावंडं आमच्याच वाडीतली. मोत्या पोलादपूरच्या एसटी स्टँडवरचा, वय अंदाजे, पूर्वायुष्य अज्ञात. चौथी ब्रूनी, लॅब्रेडॉर. ही हायवेवर सापडली. गळ्यात पट्ट्याचा वण होता, पट्टा नव्हता. कोणीतरी हौसेने घेतली, वाढवली, आणि एका रविवारी मुंबई-गोवा हायवेवर दार उघडून उतरवून दिली. आमच्याकडे हे नवीन नाही. पिल्लू फ्लॅटमध्ये मावेनासं झालं की लोकांना कोकण आठवतं. "तिकडे मोकळी जागा आहे, राहील मजेत" असं स्वतःला सांगितलं की झालं.

मोकळ्या जागेत राहील मजेत! आयुष्यभर भांड्यातलं खाणाऱ्या कुत्र्याला मोकळ्या जागेत काय मिळतं ते सांगतो. आधी ते दोन-तीन दिवस त्याच जागी बसून राहतं, कारण गाडी परत येईल याची त्याला खात्री असते. मग वाडीतली कुत्री त्याला फाडतात. मग एखादा ट्रक. असं सोडून देणं हा गुन्हा आहे बरं का. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० सालचा कायदा, कलम ११. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ५०. हायवेवर चहा-वडापावचं बिल याहून जास्त होतं.

चार कुत्री म्हणजे एका कुत्र्याच्या चौपट काम, असं गणित मांडून लोक येतात. तेही चुकतं. दोन कुत्री एकमेकांना सांभाळतात, त्यामुळे दोन हे एकापेक्षा कधीकधी सोपं. तीन झाली की टोळी होते. चौथं आलं की टोळीत राजकारण येतं. एक भुंकलं की चारही भुंकतात, मग ते शेजाऱ्यांच्या झोपेचा प्रश्न होतो, आणि शेजारी हा पाळीव प्राण्याच्या खर्चातला सगळ्यात मोठा आणि एक्सेलमध्ये न येणारा आकडा आहे. पावसाळ्यात गोचिडी. रेबीजची लस दरवर्षी, चुकवायची नाही. लेप्टोचा भाग असलेली लस इथे जास्तच महत्त्वाची, कारण भातखाचरांचं साचलेलं पाणी आणि उंदीर दोन्ही मुबलक. नसबंदी चौघांचीही, त्यावर चर्चा नाही. २२ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाने भटक्या कुत्र्यांबद्दल जे सांगितलं त्याचा गाभाही हाच होता: नसबंदी करा, लस द्या, जिथून उचललं तिथे सोडा, आणि खायला घालायचं तर ठरलेल्या जागीच. नंतर ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, दवाखाने, बसस्टँड अशा आवारांतून कुत्री हलवून परत तिथे न सोडण्याचं ठरलं. त्यावर टीव्हीवर दोन बाजूंनी भांडणं झाली. मला दोन्ही बाजू कळतात. चावलेल्या पोराच्या बापाला मी भूतदयेवर व्याख्यान देणार नाही. पण रस्त्यावरच्या कुत्र्यांची चर्चा करताना, त्यातली काही कालपर्यंत कोणाच्या तरी सोफ्यावर होती, हे विसरून कसं चालेल?

आणि टू-सीटरमध्ये चार कुत्री मावत नाहीत, हे सांगायला नकोच. त्यांच्यासाठी वेगळी जुनी ओम्नी आहे, मागची सीट काढलेली. सरकतं दार, खाली रबरी मॅट, वास कायमचा. मित्र विचारतात, यातली तुझी खरी गाडी कुठली? खरी ओम्नी. जर्मन ही हौस आहे.

आता कुत्र्यांची वर्स्ट केस. इथे ती कल्पनेतली नाही, तिला तारखा आहेत. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते, रोहण या गावांवर दरडी आल्या. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत सहाशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस झाला, आणि ते पाणी सावित्रीतून यायचं कुठे, तर महाडला. शहरात सावित्री आणि गांधारी दोन्ही चढल्या. २२ तारखेला तळियेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. महाडात लोक वरच्या मजल्यांवर आणि गच्च्यांवर अडकून होते. वीज नाही, फोन नाही.

माझी आत्या तेव्हा बाजारपेठेच्या बाजूला राहत होती. पाणी पायरीला लागल्यावर तिने पहिलं काम काय केलं असेल? मागच्या दारी जाऊन गाय सोडली, कुत्र्याच्या गळ्यातली साखळी काढली, मांजराला माळ्यावर टाकलं. मग टीव्ही, मग कागदपत्रं. नंतर मी विचारलं तर म्हणाली, "अरे, टीव्ही बांधलेला नसतो. जो बांधलेला असतो त्याला आधी सोडायचं. आपण बांधलाय ना?" नदीकाठच्या जुन्या लोकांना हे शिकवावं लागत नाही.

अमेरिकेला हे शिकायला कतरिना वादळ लागलं. २००५ साली न्यू ऑर्लिन्समध्ये बचाव पथकं प्राण्यांना बोटीत घेत नव्हती, म्हणून कित्येक लोक घर सोडायलाच तयार झाले नाहीत. त्यानंतर २००६ मध्ये तिथे कायदा झाला की आपत्तीच्या सरकारी योजनांमध्ये पाळीव प्राण्यांचाही विचार असला पाहिजे. यामागे भूतदयेइतकाच हिशोबही आहे. कुत्र्याला मागे ठेवा म्हटलं की माणूसही मागे राहतो.

जाता जाता आमच्या तालुक्यातल्या सगळ्यात प्रसिद्ध कुत्र्याबद्दल. रायगड किल्ला महाड तालुक्यातच येतो, आणि गडावर वाघ्याचा पुतळा आहे. धन्याच्या चितेत उडी घेणाऱ्या कुत्र्याची कथा सगळ्यांना माहीत आहे. तिला समकालीन पुरावा नाही असं इतिहासाचे अभ्यासक सांगतात. २०१२ मध्ये तो पुतळा काढला गेला, पुन्हा बसवला गेला, आणि २०२५ मध्ये तो हटवण्याची मागणी परत झाली. त्या वादात मी पडत नाही. मला त्यात वेगळीच गंमत दिसते. कुत्र्याच्या इमानाच्या कथा आपल्याकडे पोत्याने आहेत. माणूस कुत्र्याशी इमानाने वागला, अशी एक तरी लोककथा पटकन आठवते का? बघा आठवून.

लोककथा नसेल, पण अलीकडचा एक किस्सा आहे. रतन टाटांना गाड्यांचं वेड होतं. लाल फेरारी कॅलिफोर्निया स्वतः चालवत जाणारे टाटा मुंबईकरांनी पाहिलेत. आणि त्यांना कुत्र्यांचंही वेड होतं. २०१८ च्या फेब्रुवारीत लंडनला बकिंगहॅम पॅलेसमध्ये तेव्हाच्या प्रिन्स चार्ल्सच्या हस्ते त्यांचा जीवनगौरव सन्मान ठरला होता. सुहेल सेठ यांनी जाहीरपणे सांगितलेली गोष्ट अशी, की टँगो आणि टिटो या टाटांच्या कुत्र्यांपैकी एक आजारी पडला आणि टाटा गेलेच नाहीत. त्याच वर्षी नूतनीकरणानंतर उघडलेल्या बॉम्बे हाऊसमध्ये भटक्या कुत्र्यांसाठी खास खोली होती. जुलै २०२४ मध्ये महालक्ष्मीला प्राण्यांचं मोठं रुग्णालय सुरू झालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये टाटा गेले, तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रात टिटोच्या देखभालीची तरतूद असल्याच्या बातम्या आल्या.

"त्यांच्याकडे पैसे होते," असं तुम्ही म्हणाल. होतेच. पण लंडनला न जायला पैसे लागत नाहीत. आणि फेरारीसाठी त्यांनी कुठला राजवाडा चुकवल्याचं ऐकिवात नाही. हाच फरक मला सांगायचाय. गाडीचे आपण मालक असतो. कुत्र्याचे आपण मालक नसतो, जामीनदार असतो. कार लोन पाच-सात वर्षांत संपतं. कुत्रं बारा-चौदा वर्षं जगतं आणि त्यात प्रीपेमेंटची सोय नाही. आयटीतल्या माणसाच्या हिशोबाने बारा वर्षं म्हणजे चार-पाच नोकऱ्या, दोन-तीन शहरं, एक लग्न, कदाचित एक ऑनसाइट. या सगळ्यातून कुत्र्याला पुढे न्यायचं असतं.

म्हणून माझी साधी पद्धत. स्पोर्ट्स कार घ्यायची असेल तर विचारा: वर्षातले चार महिने ही गाडी नसली तर चालेल का, आणि उद्या पूर्ण बुडाली तर मी जेवू शकेन का? दोन्हीला हो असेल तर बिनधास्त घ्या. आयुष्य एकदाच मिळतं आणि घाटही रुंद होत चाललेत.

कुत्रं आणायचं असेल तर एकच प्रश्न. बावीस जुलै, रात्रीचे दोन, लाईट गेलेली, पाणी पायरीला लागलंय. तुम्ही बंगळुरूला रिलीजमध्ये अडकलाय. घरी जाऊन त्याची साखळी कोण काढणार? नाव सांगा. "बघू कोणीतरी" हे नाव नाही. ज्याचं नाव घेताय त्याला हे माहीत आहे का, त्याच्याकडे किल्ली आहे का, आणि कुत्रं त्याला ओळखतं का, तेही सांगा. आमच्याकडे ते नाव शेजारच्या काकांचं आहे. किल्ली त्यांच्या देवघरात असते, चार पट्टे दारामागे एकाच खिळ्याला, आणि पावसाळाभर ओम्नीचं तोंड रस्त्याकडे. काकांना कुत्री आवडत नाहीत. पण त्यांनी हो म्हटलंय, आणि त्या "हो"ची किंमत मला आवडीपेक्षा जास्त वाटते.

नाव असेल तर खुशाल आणा, एक आणा, दोन आणा. नसेल तर थोडं थांबा, आधी शेजाऱ्यांशी ओळख करा. तोवर हौस म्हणून बुटकी गाडी घ्यायला काहीच हरकत नाही. तिला फक्त स्पीडब्रेकरची भीती वाटते, एकटेपणाची नाही.